गाणं पाठ झालं? आता ते मोडायला द्या

चार वर्षांचं पोर 'क'पासून 'ज्ञ'पर्यंत सगळी अक्षरं एका दमात, चालीत म्हणून दाखवतं. घरातले टाळ्या वाजवतात. मग तक्त्यावरच्या 'ट'वर बोट ठेवून "हे काय?" असं विचारलं, की ते पुन्हा 'क'पासून सुरू करतं आणि 'ट' येईपर्यंत गात राहतं. त्याच्या लेखी ती अक्षरं नाहीतच, ते एक लांबलचक गाणं आहे. मधलाच तुकडा उचलून कसा द्यायचा हे त्याला कळत नाही.

बालवाडीत किंवा अंगणवाडीत नुकत्याच रुजू झालेल्या ताईंनी आणि घरी लहान मूल असलेल्या आईबाबांनी एवढी एक गोष्ट पक्की धरली, तरी पुढचं सगळं सोपं जातं. गाण्यामुळे भाषा वाढते हे खरं, पण नुसतं पाठ करून वाढत नाही. गाणं सावकाश म्हटलं, मध्ये थांबलं, त्यातले शब्द बदलले, शब्दांचे तुकडे केले, की मूल भाषेकडे कान देऊ लागतं. हा लेख गाणं असं उलगडायचं कसं, यावर आहे. गळा गोड नसला तरी चालेल. पेटी येत नसली तरी चालेल.

आधी थोडं 'का' याविषयी. वाचायला शिकण्याआधी मुलाला बोलण्यातले आवाज सुटे सुटे ऐकू यावे लागतात: 'साय' आणि 'गाय' शेवटी सारखे वाजतात, 'मका' आणि 'मोर' सुरुवातीला सारखे वाजतात. मोठ्यांना हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं, की त्यात शिकण्यासारखं काही आहे असंच वाटत नाही. ऑक्सफर्डमध्ये मोराग मॅक्लीन, पीटर ब्रायंट आणि लिनेट ब्रॅडली यांनी १९८७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. तीन वर्षांच्या ज्या मुलांना बडबडगीतं जास्त येत होती, त्यांना पुढे यमक आणि शब्दांतले आवाज ओळखणं सोपं गेलं, असं त्यात दिसलं. आवाजांची ही जाण वाचनाच्या सुरुवातीशी जोडलेली असते. तो अभ्यास इंग्रजी मुलांचा होता. आपल्या लिपीचं गणित थोडं वेगळं आहे, ते पुढे येईलच.

एक गैरसमज इथेच काढून टाकू. बाळाला अमुक संगीत ऐकवलं की बुद्धी वाढते, अशा जाहिराती दिसतात. त्यांचं मूळ १९९३ सालच्या एका छोट्या प्रयोगात आहे. तो प्रयोग कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर झाला होता, मोझार्टचं संगीत त्यांना दहा मिनिटं ऐकवलं होतं, आणि दिसलेला परिणाम पाव तासात ओसरला होता. बाळांचा त्यात संबंधच नव्हता. पैसे वाचवा आणि स्वतः गा.

पहिली पायरी: गाणं निवडणं

पहिल्या आठवड्यात एकच गाणं घ्या. दोन किंवा चार ओळींचं, ओळीच्या शेवटी ठळक यमक असलेलं, आणि एखादा शब्द काढून दुसरा बसवता येईल असं. परंपरेने आलेली मांडीवरची आणि टाळ्यांची गाणी, 'अडगुलं मडगुलं' किंवा 'अपडी थापडी' यांसारखी, उत्तमच. त्यांत हालचाल आहे, स्पर्श आहे, आणि आजीला ती येतात. पण स्वतः रचायलाही घाबरू नका. या लेखात आपण हे गाणं वापरू:

डबा उघडला, डब्यात काय?
डब्यात दडली पिवळी साय!

कविता म्हणून यात काही नाही, आणि तेच बरं आहे. मोडताना जीव हळहळत नाही.

गाण्यातला शब्द मुलाला माहीत नसेल तर वस्तू दाखवा किंवा करून दाखवा. जुन्या गाण्यांतली कुंची, टोपडं, जातं, उखळ आजच्या मुलांनी पाहिलेली नसतात. टोपडं मिळालं तर बाहुलीला घाला. अर्थ तोंडी समजावत बसलात तर गाणं तिथेच मरतं.

दुसरी पायरी: पट्टी आणि चाल

मोठी माणसं, विशेषतः पुरुष, आपल्याला सोयीच्या खालच्या पट्टीत गातात. मुलांना तिथे पोचता येत नाही, मग ती एका सुरात घोगरं बोलू लागतात. घरी पेटी असेल तर मधल्या सप्तकातली पांढरी दोन ते पांढरी सहा एवढी जागा लहान मुलांच्या गळ्याला साधारण मानवते. पेटी नसेल तर अंगणातून "येऽऽ" करून मुलाला हाक मारताना आवाज जिथे जातो, तिथे गा. चाल तीन-चार सुरांत बसणारी हवी. ताना, हरकती नकोत.

लय तुम्हाला वाटते त्याहून संथ ठेवा. रेकॉर्ड केलेली बालगीतं बहुतेक वेळा इतकी वेगात असतात, की मुलाचं तोंड शब्दापर्यंत पोचेतो ओळ पुढे गेलेली असते. ते शेवटचा शब्द तेवढा ओरडतं. गाताना मुलांची तोंडं बघा. ओठ हलत नसतील तर लय आणखी कमी करा.

तिसरी पायरी: ठेका

गाण्याआधी ठेका. मांडीवर हात, मग टाळी, मग जमिनीवर पाय. शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या नीना क्राउस यांच्या गटाने २०१४ साली तीन-चार वर्षांच्या मुलांवर केलेलं काम प्रसिद्ध झालं. ठेक्याबरोबर हात वाजवता येणारी मुलं वाचनपूर्व कौशल्यांतही पुढे दिसली. म्हणून ठेका शिकवला की वाचन आपोआप येतं, असा अर्थ काढू नये. दोन्हींच्या मुळाशी कानाचं एकच काम असावं, इतकंच म्हणता येईल.

वाद्यं विकत घेऊ नका. पत्र्याचा डबा, नारळाच्या दोन करवंट्या, घरातल्या चिपळ्या, मूग भरलेली बाटली एवढं भरपूर झालं. बाटलीचं झाकण चिकटपट्टीने घट्ट बंद करा, आणि तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती चिंचोके, मणी, घुंगरू सुटे देऊ नका. ते तोंडात जातात. आणखी एक अनुभवाची गोष्ट: वीस मुलांना एकदम वीस खुळखुळे दिले की गाणं संपलंच. चार मुलांना द्या, बाकीच्यांनी टाळ्या, मग अदलाबदल.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर बालशिक्षणाचं जे काम उभं केलं, त्यात दगड, बिया, शिंपले हीच शिकवण्याची साधनं होती. पाड्यातल्या अंगणात भरणाऱ्या बालवाडीची कल्पना त्यांचीच. साधनं नाहीत म्हणून अडलंय, असं महाराष्ट्रात तरी कुणी म्हणू नये.

चौथी पायरी: गाणं मोडणं

खरं काम इथे आहे, इथे वेळ द्या.

गाणं दोन-तीन दिवसांत कानावर बसलं की ओळीचा शेवटचा शब्द गाळायला लागा. "डब्यात दडली पिवळी..." म्हणून थांबायचं. भुवया उंच, हात हवेत. मनात पाच अंक मोजायचे. नवीन ताईंना हेच सगळ्यांत जड जातं. दोन सेकंदांत त्या स्वतःच "साय!" म्हणून मोकळ्या होतात. शांतता सहन करायला शिका. दीड-दोन वर्षांचं मूल नुसतं "आय!" म्हणेल. तेही चालेल, यमकाचा भाग त्याने बरोबर पकडलेला असतो.

मग शब्द बदला. "डब्यात बसली काळी गाय!" मुलं हसतील, कारण गाय डब्यात मावत नाही. हे हसणं म्हणजे अर्थ कळल्याची खूण. आता मुलांना विचारा, डब्यात आणखी काय? कुणी 'पाय' म्हणेल, कुणी 'माय', कुणी 'चेंडू'. 'चेंडू'ला चूक म्हणू नका. "डब्यात बसला पिवळा चेंडू" असं गाऊन दाखवा, आणि विचारा, "काय आणि चेंडू सारखे वाजले का?" कान स्वतःच निवाडा करतो. 'झाय'सारखे अर्थ नसलेले शब्द आले तर उलट आनंद माना. मुलाने आवाज अर्थापासून सोडवला, हे त्या वयात मोठंच आहे. काही दिवसांनी डबा ठेवून पिशवी घ्या: "पिशवी उघडली, पिशवीत कोण? पिशवीत वाजला आजीचा फोन!"

बदलाबरोबर व्याकरणही येतं, आणि कुणी ते शिकवत नाही. साय 'दडली', चेंडू 'दडला', मांजर 'दडलं'. पिवळी, पिवळा, पिवळं. घरी दुसरी भाषा बोलणाऱ्या मुलाला लिंगाचा हा खेळ गाण्यातून जितका सहज लागतो, तितका वाक्यं दुरुस्त करून लागत नाही.

त्यानंतर शब्दांचे तुकडे. सुरुवात मुलांच्या नावांपासून करा:

टाळी वाजव, नाव सांग;
टाळ्यांची मग लाव रांग!

सा-नि-का, तीन टाळ्या. ओम, एकच. राघव? इथे ताई अडखळतात. बोलताना आपण 'रा-घव' म्हणतो, दोन झटके. लिहिताना मात्र अक्षरं तीन: रा, घ, व. 'कमळ'चंही तसंच: तोंडात 'क-मळ', कागदावर क, म, ळ. शब्दाच्या शेवटच्या अक्षरातला 'अ' मराठी माणूस बोलताना गिळून टाकतो. मुलाने दोन टाळ्या वाजवल्या तर ते बरोबरच आहे, त्याने ऐकलं तसं वाजवलं. तीनच वाजव म्हणून त्याच्यावर सक्ती केली तर स्वतःच्या कानावरचा त्याचा भरवसा उडतो.

पण पुढे अक्षरं शिकताना तीन तुकडे लागणार आहेत. ते कुठून आणायचे? गाण्यातून. गाताना गिळलेला 'अ' परत येतो. भजनात 'विठ्ठल' लांबवला की शेवटचा 'ल' सुटा, पुरा ऐकू येतो. म्हणून साडेचार-पाच वर्षांच्या मुलांबरोबर शब्द चढत्या सुरांवर गा: सा वर 'क', रे वर 'म', ग वर 'ळ'. तीन सूर, तीन खडे जमिनीवर. मग तेच पटकन बोला: कमळ. पुन्हा सावकाश गा. बोलणं आणि लिहिणं यांच्यामधली ही फट भरून काढायला माझ्या मते गाण्याइतकं सोपं साधन नाही. बालवाडीत गाणं का, असं कुणी विचारलं तर मी हेच उदाहरण देते.

सुरुवातीच्या आवाजाचा खेळही याच सुमारास घ्या. एक मूल "म म म" ठेक्यात म्हणतं, बाकीचे एकेक शब्द टाकतात: मका, माठ, मोर, मीठ. 'च' घेताना सावध राहा. चाक, चूल, चोर यांतला 'च' वेगळा आणि चिमणी, चेंडू यांतला वेगळा. एखादं मूल म्हणेल, "ताई, चाक आणि चिमणी सारखे नाहीत." त्याला शाबासकी द्या. अक्षर एक, आवाज दोन, हे नंतर सांगता येईल. म्हणून सुरुवात म, क, ब, ल यांपासून केलेली बरी.

पाचवी पायरी: गाणं कागदावर

मुलांना गाणं पूर्ण येतं, ते त्यांनी पुरेसं मोडून झालंय, आता ते लिहा. मोठ्या कार्डशीटवर, मागच्या रांगेतल्या मुलाला दिसेल अशा अक्षरांत, एका ओळीत एकच ओळ, दोन शब्दांमध्ये भरपूर जागा. गाताना शब्दाखाली बोट फिरवा, बोट आणि तोंड एकाच वेळी एकाच शब्दावर हवं. यासाठीही लय संथ लागते. डावीकडून उजवीकडे, ओळ संपली की खाली, हे मूल आपोआप टिपतं.

काही दिवसांनी बोट मुलाच्या हाती द्या. ते 'वाचेल', म्हणजे पाठ असलेलं म्हणत बोट सरकवेल. "हे खरं वाचन नव्हे" असं त्याला सांगू नका. ही पायरी सगळ्यांनाच लागते. मात्र तिथेच थांबू नका. 'साय' या शब्दावर चिठ्ठी चिकटवा आणि विचारा, खाली काय दडलंय? मग चिठ्ठीवरच 'गाय' लिहा. दोन शब्द शेजारी ठेवले की मूल बघतं: 'य' तोच आहे, काना तोच आहे, बदललं फक्त पहिलं अक्षर. कानाने पकडलेलं यमक इथे डोळ्यांना दिसतं.

बाराखडीही चालीत म्हणायला हरकत नाही, पण ती 'क ते ज्ञ'सारखीच पाठांतरात अडकते. त्यापेक्षा गाण्याचे स्वर बदला. सगळं गाणं 'आ'त: "डाबा आघाडाला, डाब्यात काय." सगळं 'ई'त: "डीबी ईघीडीली." मुलं लोळून हसतात, आणि काना, वेलांटी नेमकं काय करतात ते त्यांच्या तोंडाला कळतं. मग फळ्यावर ड, डा, डी लिहा. आधी लिहून मग गाऊ नका.

घरची भाषा

नंदुरबारमधलं पावरी बोलणारं मूल, मेळघाटातलं कोरकू बोलणारं, गडचिरोलीतलं गोंडी किंवा माडिया बोलणारं मूल अंगणवाडीत येतं तेव्हा त्याच्याकडे गाणी असतातच, फक्त ती आपल्या पुस्तकात नसतात. कोरकू आणि गोंडी तर मराठीच्या कुळातल्याही नाहीत. कानाची जी तयारी वर सांगितली, ती कुठल्याही भाषेत होते आणि एका भाषेतली दुसरीत कामाला येते. तेव्हा पहिला महिना त्यांची गाणी. एखाद्या आजीला बोलवा, तिच्या परवानगीने फोनवर रेकॉर्ड करा, देवनागरीत लिहून तक्ता करा. मग त्याच चालीत एखादा मराठी शब्द बसवा. खान्देशात अहिराणी, कोकणात मालवणी, विदर्भात वऱ्हाडी, तिथेही हेच. 'शुद्ध बोल' हा शब्दप्रयोग वर्गातून हद्दपार केलेला बरा.

फोन, टीव्ही आणि दूरचे आजीआजोबा

बाळं भाषा कशी शिकतात याचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकी संशोधक पॅट्रिशिया कूल यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग सांगण्यासारखा आहे. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांपैकी काहींशी चिनी भाषा बोलणारी माणसं समोर बसून खेळली, काहींना तेच पडद्यावर दाखवलं. समोरच्या माणसाकडून बाळं चिनी आवाज शिकली, पडद्यावरून शिकली नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या सूचनांनुसार दोन वर्षांखाली पडदा नकोच, आणि दोन ते चार वर्षांत दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको. गाणं तुम्हाला शिकण्यासाठी फोनवर ऐका, मुलाला तोंडाने म्हणून दाखवा.

व्हिडिओ कॉलचं थोडं वेगळं आहे, कारण पलीकडचं माणूस उत्तर देतं. नातवंडं परदेशात असतील तर एक अडचण येते: आवाज उशिरा पोचतो, त्यामुळे एकत्र गाताच येत नाही, सगळा गोंधळ होतो. म्हणून एक ओळ आजीने, दुसरी नातवाने. "डब्यात काय?" पुण्यातून, "पिवळी साय!" न्यू जर्सीतून. उशीर गाण्यातच मुरतो.

कान तपासा

मूल गाण्यात भाग घेत नाही याचं कारण लाजणं असू शकतं. काही मुलं वर्गात महिनाभर गप्प बसतात आणि घरी सगळं गाऊन दाखवतात. पण सतत सर्दी, कान वाहणं, नावाने हाक मारली तरी न वळणं, दोन वर्षांचं होऊनही दोन शब्द न जोडणं, यांपैकी काही दिसलं तर वाट बघू नका, कानाच्या डॉक्टरांना दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, त्यांना अशा मुलांची नावं आधीच काढून द्या. अडखळत बोलणारी बरीच मुलं गाताना अडखळत नाहीत. त्यांना पुढे उभं करून कौतुक करू नका, फक्त सगळ्यांबरोबर भरपूर गाऊ द्या.

रोजचा वेळ

वीस मिनिटं पुरेत, पण रोज. सुरुवातीला नावांचं गाणं, मग एक जुनं, मग मोडायला घेतलेलं, शेवटी तक्ता. आठवड्याला नवं गाणं एकच. वर्षभरात चाळीस गाणी 'झाली' असं वहीत लिहिण्यापेक्षा बारा गाणी मुलांच्या ताब्यात गेली तर जास्त कमावलं. नोंद ठेवायचीच असेल तर प्रत्येक मुलासमोर चार रकाने करा: रिकामी जागा भरतो का, यमक ओळखतो का, नवा शब्द सुचवतो का, तक्त्यावर बोट बरोबर फिरवतो का. महिन्यातून एकदा खुणा करा.

स्नेहसंमेलन जवळ आलं की हे सगळं कोलमडतं. महिनाभर एकच नाच-गाणं घोटून घेतलं जातं आणि रोजची वीस मिनिटं त्यात जातात. त्याऐवजी मंचावर डबाच न्या, खराखुरा, झाकण असलेला. मुलांनी पहिली ओळ गायची, आणि डब्यात काय ते समोर बसलेल्या पालकांनी ओरडून सांगायचं. यमक जुळलं तर मुलांनी टाळी वाजवायची, नाही जुळलं तर "नाऽऽही!" म्हणायचं.